नानांचा नंबर वाजत नाही

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एकाच टेबलावर रोज तीच चार माणसं जेवायला बसली की ते आपोआप साचतात. पहिल्या वर्षी कोण भात आधी संपवतं आणि कोण लोणचं मागतं एवढंच कळतं. तिसऱ्या वर्षापर्यंत "अरे, तो किस्सा सांग ना" असं कुणी म्हटलं, तर 'तो' म्हणजे कुठला हे विचारावं लागत नाही!

आमची कंपनी चाकणच्या पट्ट्यात. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो. मी क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला पार्ट मोजायचा आणि त्याला नावं ठेवायची. कँटीनमध्ये आमचं टेबल खिडकीजवळचं. त्यावर माझ्याशिवाय तिघं. स्टोअर्सचे बाळासाहेब, इथल्याच कुरुळीचे, घरची शेती आणि बाजारातला सगळ्यात नवा फोन बाळगणारे. माझ्याच डिपार्टमेंटची प्रीती, लातूरकडची, दोन वर्षांपूर्वी आलेली इंजिनिअर. आणि मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन वसंतनाना. नाना मूळचे दापोलीकडचे. काकू गेल्यापासून सांगवीत एकटेच राहतात, आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये.

सगळे किस्से नानांचेच आहेत. कारण नानांकडे स्मार्टफोन नाही. साधा फोनही नाही. आणि तरी नाना रोज ऑनलाइन असतात!

नानांच्या वरच्या खिशात एक डबी असते, साबणाच्या वडीएवढी. तिच्यात सिमकार्ड, आणि ती वायफाय देते. खालच्या खिशात एक प्लेअर. दिसायला फोनसारखाच, टच स्क्रीनचा, पण त्यात सिम बसत नाही आणि कॅमेरा नाही. गाणी, व्हिडिओ, मेसेज, बातम्या सगळं त्या प्लेअरवर, आणि नेट त्या डबीवरून.

"म्हणजे नाना, दोन खिशांत मिळून एक फोनच झाला की ओ!" प्रीती पहिल्याच दिवशी म्हणाली. "मग सरळ फोनच का घेत नाही तुम्ही?"

नानांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला.

"अगो, मी इलेक्ट्रिशियन माणूस. सगळा लोड एका बोर्डावर टाकत नाही."

•

आमच्याकडे शॉपफ्लोअरवर कॅमेरा न्यायला बंदी आहे. सगळ्यांनी आपापले फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचे आणि सुटताना घ्यायचे. नाना पहिल्यांदा ही जोडी घेऊन आले तेव्हा गेटवरचे शिंदेमामा चक्रावले. मामांकडे एक छापील फॉर्म आहे. त्यात 'मोबाइल' आणि 'लॅपटॉप' असे दोनच रकाने.

"हे काय आहे?"

"प्लेअर."

"फोन येतो याच्यावर?"

"नाही."

"फोटो निघतो?"

"नाही."

"मग लॉकरला कशाला ठेवता? न्या आत!" असं म्हणून मामांनी प्लेअर परत केला. साहेबांच्या सहीचा कागदही झाला. मग डबी पुढे आली. तिच्यावर मात्र साहेब अडले. आत आमचं कंपनीचं नेटवर्क, हे बाहेरचं नको. शेवटी ठरलं, डबी मामांच्या ड्रॉवरमध्ये राहील. नानांनी एकच विनंती केली, ती चालू राहू द्या.

आता समजलं ना आमचं टेबल खिडकीजवळच का? गेटपासून तेवढ्याच टेबलापर्यंत रेंज येते!

नाना डबीला नाव देतात. कुणी जोडायचा प्रयत्न करू नये म्हणून त्या वेळी नाव ठेवलं होतं 'बंद आहे'. पासवर्ड फक्त मामांना, उपकार म्हणून सांगितला. मामा मनानं उदार. माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्यांना गेटबाहेर तास-दोन तास थांबावं लागतं. मामांनी एकाला पासवर्ड दिला, त्यानं दुसऱ्याला. आठवड्याभरात गेटच्या भिंतीला पाठ लावून ड्रायव्हरांची रांग बसायला लागली. एक नवा ड्रायव्हर बिचारा फोन हलवून हलवून दमला.

"मामाजी, इसमें तो 'बंद आहे' दिखा रहा है!"

"हां, वही चालू है," मामा म्हणाले.

नाना हे ऐकून खूश. पण बाळासाहेबांची पंचाईत झाली. पूर्वी ट्रकवाले "साहेब, गाडी कधी खाली करता?" म्हणून डोकं खायचे. आता बाळासाहेब स्वतः गेटवर जाऊन हाका मारत होते. आत पत्रा दाबायच्या प्रेस मालाअभावी थांबायची वेळ आलेली, आणि बाहेर पत्र्याची कॉइल घेऊन आलेला ट्रेलरवाला मान वर न करता म्हणाला, "घेतो की साहेब आत, घाई काय आहे!"

त्या दिवशी दुपारी नानांनी पासवर्ड बदलला.

•

नानांच्या डबीत सिम आहे म्हणजे नानांना नंबर आहे. बँकेत, गॅसवाल्याकडे, सगळीकडे तोच. फक्त तो वाजत नाही. त्यावर आलेला एसएमएस डबीतच जमा होतो. डबीच्या इवल्याशा पडद्यावर पाकिटाचं चित्र उमटतं. मग नाना प्लेअरवर डबीचं पान उघडतात आणि वाचतात. एकदा त्यांनी प्रीतीला ते पान उघडून दाखवलं होतं. ती अर्धा तास त्यात रमली. जेवण गार झालं तरी तिचं "आन् हे कशाला असतंय ओ?" चालूच.

एकदा नानांनी सोल्डरिंगचं काहीतरी सामान मागवलं. कुरिअरवाला भरदुपारी आमच्या सांगवीच्या बिल्डिंगखाली. नाना चाकणला, मीही चाकणला. गॅलरीत माझ्या सासूबाई.

"आंटी, ये वसंतजी फोन नहीं उठा रहे!"

"त्यांच्याकडे फोन नाहीये."

"नंबर तो है!"

"नंबर आहे. फोन नाही."

कुरिअरवाल्यानं पार्सल उलटं करून पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. "फिर ये नंबर किसका है?"

"वायफायचा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना हे इतकं सवयीचं झालंय की यात विचित्र काय, हे त्यांना कळेना.

त्याला पार्सल द्यायला ओटीपी हवा होता. ओटीपी तीस किलोमीटरवर शिंदेमामांच्या ड्रॉवरमध्ये पोहोचलेला! शेवटी त्यानं आपल्या फोनवर पार्सल परत न्यायचं कारण शोधलं. तीनच पर्याय होते. ग्राहक नको म्हणाला, फोन बंद आहे, पत्ता चुकीचा आहे. पहिलं खोटं. दुसरं म्हणावं तर रिंग जातेय. तो बराच वेळ विचार करत राहिला.

मग जिन्याखालच्या पाटीवरचं नानांचं नाव नीट वाचून घेतलं, आणि दाबलं, 'पत्ता चुकीचा आहे'.

•

बाळासाहेबांना नानांची ही दोन खिशांची भानगड बिलकुल पटत नाही. "आमी कसं, येकाच ठिकाणी समदं! फोन तोच, नकाशा तोच, पिच्चर तोच, पैशे तोच, लग्नाची पत्रिका बी त्यातच!"

पत्रिकेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना सांगवीत एका पाहुण्याच्या मुलाच्या रिसेप्शनला जायचं होतं. घरची मंडळी आधीच पुढे गेलेली. म्हणून ते आमच्याबरोबर कंपनीच्या बसनं निघाले. नवा शर्ट, सेंट, हातात मोठा थोरला फोन.

नाशिक रोडला मोशीच्या पुढे गाड्या तटलेल्या. बाळासाहेबांनी आधी नकाशा लावला, किती लाल आहे ते सगळ्या बसला सांगितलं. मग एका शर्यतीचा व्हिडिओ लावला, बैलजोड्यांची. मधे घरच्यांशी दोनदा बोलले. तासाभरानं फोन तव्यासारखा तापला. भोसरीच्या अलीकडे त्यानं एकदा थरथर केली आणि डोळे मिटले.

"चार्जर हाय का कुनाकडं?" होता, पण पिन वेगळी.

आता कार्यालयाचं नाव काय? ते पत्रिकेत. पत्रिका फोनात. नाना म्हणाले, "माझ्या प्लेअरवरून तुमचं खातं उघडू." उघडायला गेलो तर ओटीपी बाळासाहेबांच्याच बंद फोनवर!

"वहिनींना फोन लावू," मी माझा फोन काढला. "नंबर सांगा."

बाळासाहेबांनी बंद फोनचं बटण पुन्हा दाबून पाहिलं.

"नंबर, बाळासाहेब."

"त्यो पाठ न्हाई. 'मालकीण' म्हनून शेव्ह हाय."

सांगवीला उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. बाळासाहेब म्हणाले, "जाऊ द्या, जिथं लायटिंग दिसंल तिथं घुसतो," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी जेवताना आम्ही तिघंही टपून. मिळालं का लग्न?

"मिळालं की! दारात फेटा बांदला, अत्तर लावलं. जेवान झकास. दोन बारी बासुंदी घेतली. मग स्टेजवर गेलो आहेर द्यायाला." बाळासाहेबांनी पोळीचा तुकडा मोडला. "नवरदेव वळकीचा न्हवता."

"मग? परत आलात?"

"परत कसा यिऊ? बासुंदी खाल्ली हुती. आहेर दिला, फोटू काढला, आन् मगच आलो."

•

नानांच्या कानात काम करताना एक इअरफोन असतो. दुसरा कान मोकळा. हे काय ऐकतात, याचं आम्हाला भलतं कुतूहल. बाळासाहेब म्हणायचे कीर्तन, मग आवाज खाली आणून म्हणायचे, "किंवा लावनी." प्रीतीचं म्हणणं, जुनी नाट्यगीतं. माझी समजूत होती, काकूंचा काही रेकॉर्ड केलेला आवाज असावा. पण ते मी कधी बोलले नाही.

एकदा नाना हात धुवायला गेले आणि प्लेअर टेबलावरच राहिला. इअरफोनमधून बारीक आवाज येत होता. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रीतीनं इअरफोनचं एक बोंड उचललं, दुसरं मी.

धडाक... घुर्रर्र... धडाक... घुर्रर्र.

"मिशीन!" प्रीती ओरडली. "नाना मिशीन ऐकायलेत!"

नाना मागेच उभे होते. अजिबात रागावले नाहीत. उलट खुर्ची ओढून बसले आणि गाणं समजावून द्यावं तसं सांगायला लागले. "हा दोन नंबर प्रेसचा. सर्व्हिसिंग झाल्यावरचा. ठणठणीत. आता हा ऐक, गेल्या महिन्यातला. शेवटाला किंचित घसरतो, आलं लक्षात?" आमच्या काही लक्षात येईना. प्लेअरमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय होती. नानांनी फ्लोअरवरच्या प्रत्येक मशीनचा आवाज तारीखवार साठवून ठेवला होता. एका कानात जुना आवाज, दुसऱ्या कानात समोरचं मशीन!

दोनच आठवड्यांनी नानांनी भर शिफ्टमध्ये चार नंबर प्रेस बंद करायला सांगितली. प्रॉडक्शनचे साहेब धावत आले. गाडी लागलेली, माल जायचा होता.

"काय झालंय? दिवा लागला? अलार्म?"

"नाही. आवाज बदललाय."

"मला तर रोजचाच वाटतोय!"

"तुम्हाला रोजचा वाटतोय साहेब. माझ्याकडे रोजचा आहे." नानांनी इअरफोन पुढे केला. साहेबांनी घेतला नाही. नाना हटेनात. प्रेसवर त्या वेळी आमचा एक ऑपरेटर हात आत घालून पार्ट काढत होता. त्याच्याकडे बोट दाखवून नाना म्हणाले, "उघडून बघू. काही निघालं नाही तर माझ्या नावावर लिहा. पण याला आधी बाजूला घ्या."

उघडलं. क्लचच्या आत एक पिन निम्म्याच्या वर चिरली होती. ती तुटली असती तर वरचा भाग थांबायचा तिथे थांबला नसता, खाली आला असता. ऑपरेटर ती पिन हातात घेऊन किती तरी वेळ बघत उभा राहिला.

संध्याकाळी साहेब स्वतः नानांच्या टेबलाशी आले. झालं गेलं विसरून त्यांनी उत्साहानं विचारलं, "नाना, हे रेकॉर्डिंग साध्या मोबाइलवर पण होतं ना? मग सगळ्याच मेंटेनन्सवाल्यांना सांगू!"

"होतं की साहेब," नाना म्हणाले. "फक्त मोबाइल आत आणू द्या."

•

घरचा एक किस्सा. माझ्या सासूबाईंकडे स्मार्टफोन आहे, पण नेट नाही. नानांनी त्यांना डबीचा पासवर्ड दिलाय. त्यामुळे नाना चाकणहून परतले की सासूबाईंच्या फोनवर दांड्या येतात आणि त्यांची सिरियल सुरू होते. नाना जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच रेंज पोहोचते. मग चपलांचा आवाज वर वर जातो. मग वरच्या कुलपाचा. सासूबाई सांगतात, "आले तुमचे नाना."

एके दिवशी मला सुट्टी होती. संध्याकाळी सासूबाईंची सिरियल सुरू झाली. मी स्वयंपाकघरात. पाचेक मिनिटांनी त्यांनी हाक मारली.

"अगं, जरा जिन्यात बघ गं."

"का? काय झालं?"

"तू बघ आधी!"

मी दार उघडून खाली गेले. नाना खालच्या तिसऱ्या पायरीवर बसलेले. घामानं शर्ट भिजलेला, एक हात कठड्याला, चेहरा पांढराफटक. हाक मारली तर नुसतं बघितलं. शेजारच्यांना बोलावून रिक्षात घातलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. साखर एकदम उतरली होती. सलाइन लावलं, तासाभरात नाना बोलायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. अजून अर्धा तास तिथेच राहिले असते तर अवघड होतं. पण तुम्हाला कळलं कसं? हाक मारली त्यांनी?"

सासूबाईही मागून चालत आल्या होत्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "हाक कुठली? सिरियल लागली, पण चपला वाजल्या नाहीत."

•

आता शेवटचा. आमच्या टेबलावर 'तो किस्सा' म्हटलं की हाच.

प्रीतीची आई गावी अंगणात घसरून पडली आणि पाय मोडला. घरी दुसरं कुणी नाही. साहेबांनी तिला आठवडाभर घरून रिपोर्ट करायची परवानगी दिली. पण तिच्या गावात एकाच कंपनीची रेंज येते आणि तिचं सिम दुसऱ्या कंपनीचं. जेवताना ती हे सांगत होती. नानांनी ऐकून घेतलं. सुटताना गेटवर डबी घेतली आणि तशीच प्रीतीच्या हातात ठेवली.

"हिला रेंज येईल तुझ्या गावात. घेऊन जा."

"आन् नाना तुम्ही?"

"माझ्याकडे प्लेअर आहे. गाणी काय नेटवरच वाजतात होय?"

प्रीती गेली. डबीनं काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबीच्या पडद्यावर पाकिटाचं चित्र आलं. प्रीतीनं दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा, बरोबर जेवणाच्या वेळेला. चौथ्या दिवशी तिला राहवेना. ती म्हणते, बँकेचं काही महत्त्वाचं असलं तर नानांना कळवावं म्हणून उघडलं. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवल्यासारखं करतो!

बँकेचं काही नव्हतं. रोज एकच मेसेज, एकाच नंबरवरून. 'आक्का' या नावानं.

'वसंता जेवलास का'

पहिल्या वेळी एवढंच. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्याखाली आणखी एक, 'रागावलास का'.

प्रीतीनं मेसेज पुन्हा वाचले. नानांची थोरली बहीण, दापोलीकडे गावी, रोज विचारते, आणि तीन दिवस उत्तर नाही. नानांना कळवायचं तर कसं? त्यांचा नंबर तर हिच्याच हातात! त्यात आईला प्लास्टर दाखवायला तालुक्याला न्यायचं होतं, गाडी दारात उभी. घाईघाईत तिनं नानांच्या वतीनं उत्तर पाठवून दिलं.

'हो जेवलो.'

आणि डबी घरीच ठेवून ती निघून गेली.

संध्याकाळी परत आली तर पडद्यावरचं पाकीट लुकलुकत होतं. सहा मेसेज.

'कोण आहेस तू'

'वसंता कुठे आहे'

'वसंता हो म्हणत नाही'

बाकीचे तीनही असेच. प्रीती गोंधळली. मग तिनं नानांनी आजवर पाठवलेली उत्तरं उघडून पाहिली. मागे मागे जात राहिली. कित्येक महिन्यांची उत्तरं होती, आणि त्यात एकही 'हो' नव्हतं. 'आज मटकी. मीठ कमी.' 'भात मोकळा झाला होता.' 'वांगं. कँटीनवाला नवीन आहे.' 'उपास. साबुदाणा चिकट.' जेवलास का, या प्रश्नाला नाना सरळ उत्तरच देत नव्हते!

तिनं लगेच नीट लिहून पाठवलं. 'मी नानांच्या कंपनीतली प्रीती. नाना बरे आहेत. काळजी करू नका. त्यांचा हॉटस्पॉट माझ्याकडे आहे.'

तिला वाटलं, मिटलं. तिकडे आक्कांनी मेसेज वाचला. हॉटस्पॉट म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही. भावाची काहीतरी वस्तू परक्या मुलीच्या ताब्यात आहे, आणि ती मुलगी 'काळजी करू नका' म्हणतेय. माणसाला दवाखान्यात टाकल्याशिवाय असं कोण लिहितं?

सकाळी प्रीतीनं पाकीट उघडलं. पहाटेचा मेसेज होता. 'मी निघाले.'

तिनं घाबरून डबीच्या नेटवरून मला फोन लावायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, बारा वेळा. माझा स्मार्टफोन गेटवरच्या लॉकरमध्ये निवांत वाजत पडलेला!

दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. मी, बाळासाहेब आणि नाना. नानांना काही म्हणता काही माहीत नाही; आक्कांचा नंबरही डबीतच राहिलेला, त्यामुळे कळवणंही झालं नव्हतं. प्लेअर शेजारी, ताटात वरण-भात. तेवढ्यात शिंदेमामा गेट सोडून कँटीनमध्ये धावत आले. मामा धावताना मी पहिल्यांदा पाहिले.

"नाना, गेटवर एक बाई आल्यात. म्हाताऱ्या आहेत. आत सोडा म्हणत नाहीत, बसा म्हटलं तर बसत नाहीत. फक्त विचारतायत, माझा भाऊ जिवंत आहे का एवढं सांगा!"

नाना तसेच उठले. हात वरणानं भरलेला. आम्ही मागोमाग.

गेटच्या बाहेर उन्हात आक्का उभ्या. सत्तरीच्या, बारीक, ताठ. एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात गुंडाळी केलेलं आमच्या कंपनीचं कॅलेंडर. नाना दर दिवाळीला गावी पाठवतात ते. त्यावरचा पत्ता दाखवत दाखवत पहाटेच्या एसटीनं वल्लभनगर स्टँड, तिथून भोसरी, तिथून चाकण, आणि मग रिक्षानं इथपर्यंत त्या एकट्या आल्या होत्या.

त्यांनी नानांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग परत डोक्यापासून पायापर्यंत. त्या भरलेल्या हातावर त्यांची नजर थांबली. कॅलेंडर हळूच खाली घेतलं.

आम्हा सगळ्यांसमोर, गेटच्या मधोमध नाना हात अधांतरी धरून उभे होते. शेवटी म्हणाले,

"आक्का, तू जेवलीस का?"

आक्कांनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं.

"वडा घेतला होता स्टँडावर," त्या म्हणाल्या. "तेल जुनं होतं."